भर आणि तोल

२००३ साली मी हैदराबादला तुलनात्मक साहित्यात एम.ए. करत होते. वसतिगृहाच्या आमच्या मजल्यावर एकच संगणक होता, माझ्या खोलीतल्या मल्याळी मैत्रिणीचा. रात्रीची जेवणं झाली की आम्ही पाचजणी त्याच्याभोवती बसायचो आणि 'बाल्डर्स गेट २' हा खेळ खेळायचो. माउस एकीच्या हाती, बाकीच्या चौघी सल्लागार. पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे होतं. त्यावरचे शेरे मात्र प्रत्येकीच्या भाषेत.

खेळ एकदा पुरा झाल्यावर एकीच्या भावाने सीडीवर काही 'मॉड' भरून पाठवले. मॉड म्हणजे चाहत्यांनी मूळ खेळात स्वतःहून घातलेली भर: नवं पात्र, नवी मोहीम, नवं शस्त्र, किंवा राहून गेलेल्या चुकीची दुरुस्ती. ते जुन्या पद्धतीचे मॉड होते. फाइली उचलायच्या आणि खेळाच्या फोल्डरमध्ये टाकायच्या, एवढंच. आम्ही दोन टाकले. पहिल्यात एक नवी सोबतीण होती, गंभीर, अबोल, घरदार गमावलेली योद्धी. ती आम्हां सगळ्यांची लाडकी झाली. दुसरा मॉड आम्ही खेळाच्या मध्यावर टाकला आणि त्या रात्री ती योद्धी तोंड उघडून दुसऱ्या मॉडमधल्या गुत्तेवाल्याचं बोलणं बोलू लागली. कुटुंबाच्या आठवणी सांगायच्या जागी दारूचे भाव. आम्ही हसून लोळलो. पण दोन दिवसांनी तिच्या एका संवादात पुढे जाण्याचा पर्यायच उरला नाही आणि खेळ तिथे अडकला. मागे जाऊन उघडावं तर त्यानंतर साठवलेले सगळे टप्पे तसेच बिघडलेले. सहा आठवड्यांचं जागरण वाया गेलं. शेवट पाहायचा राहिला.

हा अपघात पाठाचा होता, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी, भाषांतराच्या कामात मुरल्यावर उमगलं. दोन लेखकांनी एकाच संहितेत, एकमेकांना न विचारता भर घातली, की काय होतं? त्या भरींना एकत्र नांदवायचं कसं? आणि त्या नांदल्या तरी मूळ कृती टिकते का? या खेळाच्या चाहत्यांनी गेली दोन दशकं या प्रश्नांशी झुंज दिली आहे. संहितांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी तो इतिहास जाणून घ्यावा असा आहे.

खेळाचं मूळ कागदावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेक पात्र घेतात आणि एकजण सूत्रधार होतो. जग तो रंगवतो, राक्षस तो चालवतो, निवाडाही तोच देतो. फासे आणि नियमांची पुस्तकं असतात, पण खरा तोल सूत्रधाराच्या हातात असतो. खेळाडू फार सहज जिंकू लागले तर पुढच्या दालनात तो दोन राक्षस वाढवतो. एखादीला चुकून फार भारी तलवार दिली गेली, तर पुढच्या आठवड्यात तो ती चोरीला घालवतो.

कॅनडातल्या एडमंटन शहरात १९९५ साली स्थापन झालेल्या बायोवेअर या कंपनीने हा खेळ संगणकावर आणला. संस्थापकांत रे म्युझिका आणि ग्रेग झेश्चुक हे व्यवसायाने डॉक्टर होते. डिसेंबर १९९८ मध्ये 'बाल्डर्स गेट' आला, सप्टेंबर २००० मध्ये दुसरा भाग आणि जून २००१ मध्ये त्याची पुरवणी 'थ्रोन ऑफ भाल'. नियम १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीचे. नायक किंवा नायिका, म्हणजे आपण, हत्येच्या मृत देवाचं अपत्य असतो आणि वाढतो कँडलकीप नावाच्या ग्रंथालय-किल्ल्यात. तिथे बाहेरच्या माणसाला प्रवेश हवा असेल तर मौल्यवान ग्रंथ भेट द्यावा लागतो. आम्हां साहित्याच्या विद्यार्थिनींना हा खेळ का आवडला, हे त्या एका अटीवरून कळावं.

संगणकावर आल्यावर एक गोष्ट मात्र गेली. सूत्रधार नाहीसा झाला. तोल आता आधीच, कायमचा ठरवून ठेवावा लागला. किती अनुभवगुण मिळवल्यावर पात्राची वाढ थांबेल, याची मर्यादा पहिल्या भागात ८९,००० होती. त्याच्या पुरवणीत ती १,६१,००० झाली, दुसऱ्या भागात २९,५०,००० आणि 'थ्रोन ऑफ भाल'मध्ये ८०,००,०००. हे आकडे म्हणजे गैरहजर सूत्रधाराचे निवाडे होते. चाहत्यांच्या पहिल्यावहिल्या करामतींपैकी एक म्हणजे ही मर्यादा उठवणं, यात नवल नाही.

भर घालणं शक्य झालं ते खेळाच्या बांधणीमुळे. मूळ फाइली मोठ्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात. पण 'ओव्हरराइड' नावाच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल ठेवली, की खेळ गठ्ठ्यातली सोडून ती वाचतो. मूळ पोथीला हात न लावता वर चिठ्ठी डकवावी, तसं. पात्रांचे संवाद, वस्तूंची वर्णनं, रोजनिशीतल्या नोंदी ही सगळी शब्दसंपत्ती मात्र एकाच फाइलीत असते: डायलॉग डॉट टीएलके. तिच्यातल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक असतो. बाकीच्या फाइलींना शब्द ठाऊक नसतात, फक्त क्रमांक ठाऊक असतात. 'या प्रसंगी अमुक क्रमांकाचं वाक्य दाखव,' एवढंच त्यांना कळतं.

या व्यवस्थेचा फायदा भाषांतराला झाला. ती एक फाइल बदलली की खेळाची भाषा बदलते. १९९९ साली सीडी प्रोजेक्टने केलेली पोलिश आवृत्ती, नामवंत नटांच्या आवाजांसह, तिकडे अजून आठवली जाते. ही कंपनी स्वतःचे खेळ करू लागली ती नंतर. आणखी एक तपशील मला फार आवडतो. इंग्रजीत नायक पुरुष असो वा स्त्री, बरीच वाक्यं तीच चालतात. पोलिश, फ्रेंच अशा भाषांत चालत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी त्याच क्रमांकांची दुसरी फाइल ठेवावी लागली, नायिकेसाठीची. 'मी आलो' आणि 'मी आले' यांतला फरक ज्या भाषेला सांभाळावा लागतो, तिच्या भाषांतरकाराला ही सोय पाहून बरं वाटतं.

आमच्या योद्धीचं काय झालं तेही यातच आहे. पहिल्या मॉडने मूळ वाक्यांच्या शेवटी स्वतःची वाक्यं जोडून ती अख्खी फाइल आमच्याकडे दिली होती. दुसऱ्यानेही तसंच केलं होतं. दोघांची क्रमांकांची सुरुवात एकच. दुसरी फाइल पहिलीवर पडली, पहिल्या मॉडचे शब्द पुसले गेले, क्रमांक मात्र राहिले. योद्धीने स्वतःचा क्रमांक पुकारला आणि तिथे गुत्तेवाला बसलेला होता.

सुरुवातीचे अनेक मॉड असेच होते, प्रत्येक जण घरात एकटाच असल्यासारखा. भर घालणाऱ्यांत बाहेरचेच होते असंही नाही. बायोवेअरचे लेखक डेव्हिड गेडर यांनी २००१ मध्ये 'असेन्शन' नावाचा मॉड स्वतः लिहून फुकट दिला. शेवटची लढाई अधिक मोठी, अधिक अवघड आणि कथेच्या दृष्टीने अधिक भरीव व्हावी, म्हणून. बाल्थझार हा शत्रू त्यात वळवता येतो, तो आपल्या बाजूने उभा राहू शकतो. लेखकानेच छापील कृतीला मागून जोडलेला पर्यायी शेवट मूळ धरायचा की भर, यावर अजून एकमत नाही.

२००२ मध्ये वेस वायमर या बर्कलीतल्या संगणकशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने 'वायडू' हे साधन तयार केलं. तो स्वतः मॉड लिहीत असे आणि संवादांच्या या गोंधळाने कावला होता. वायडूची कल्पना एका वाक्यात सांगता येते: पान देऊ नका, सूचना द्या. 'हे माझं नवं पान, जुन्याच्या जागी लाव' असं न म्हणता मॉडने म्हणायचं, 'तुझ्याकडे आत्ता जे पान आहे ते उघड, त्यात अमुक वाक्यानंतर हे वाक्य घाल, बाकी तसंच ठेव.' शब्दांचे क्रमांकही मॉडने ठरवायचे नाहीत. मॉडची वाक्यं वेगळ्या फाइलीत, प्रत्येक भाषेची वेगळी. बसवताना वायडू त्यांना त्या त्या संगणकावर जे मोकळे असतील ते क्रमांक देतो. पहिला मॉड तिथे असेल तर दुसऱ्याची वाक्यं त्याच्या पुढे बसतात. गुत्तेवाला गुत्त्यात राहतो.

केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद आणि आधीच्या फाइलीची प्रतही वायडू ठेवतो. दहा मॉडपैकी चौथा काढायचा झाला तर तो दहाव्यापासून मागे एकेक उतरवत चौथ्यापर्यंत येतो, चौथा काढतो आणि उरलेले पुन्हा त्याच क्रमाने चढवतो. कारण पाचव्याने चौथ्याची भर वाचून आपली भर घातलेली असू शकते.

म्हणजे क्रमाला अर्थ आला. समजा, एक मॉड बाजारातल्या दुकानात एक नवी पोथी ठेवतो आणि दुसरा ते दुकानच नव्याने मांडतो. आधी दुकान मांडलं आणि मग पोथी ठेवली, तर दोन्ही राहतात. उलट केलं तर पोथी जाते, आणि कुठेही चूक झाल्याचं दिसत नाही. यातून हळूहळू रीत पडली. आधी दुरुस्त्या, मग मोठ्या मोहिमा, मग नवे सोबती, मग वस्तू आणि मंत्र, त्यानंतर शत्रूंना हुशार करणारे मॉड आणि सगळ्यात शेवटी बारीकसारीक आवडीनिवडी. शेकडो मॉड एका खेळात बसवण्याचा 'बिग वर्ल्ड प्रोजेक्ट' हा खटाटोप म्हणजे मुख्यतः या क्रमाची अवाढव्य यादी होती, स्वयंसेवकांनी रात्री जागून तपासलेली.

इथे मला एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कुणी पदरची ओवी घालू नये, असं शेवटी बजावलं. तीनशे वर्षांत लोकांनी भर घातली होती ती द्वेषाने नव्हे, प्रेमाने, आणि काढणं अवघड झालं तेही म्हणूनच. एकनाथांना कुठली ओवी कोणी, केव्हा घातली याची नोंद मिळाली नव्हती. वायडूवाल्यांना ती मिळते. त्यामुळे त्यांना भर नाकारावी लागत नाही, ती परत काढता येते. हा फरक लहान नाही.

पण इथवर सुटला तो फाइलींचा प्रश्न. तोलाचा प्रश्न त्यानंतर उभा राहतो आणि तो कुठलंही साधन दाखवून देत नाही.

दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या अध्यायात नायकाची बालमैत्रीण इमोएन पकडून नेलेली असते. तिच्यापर्यंत पोचायला गेलन बेल नावाचा माणूस २०,००० सुवर्णमुद्रा मागतो. खिशात जवळपास काही नाही. म्हणून अथकाटला शहरात आणि आसपास कामं शोधत हिंडावं लागतं आणि प्रत्येक कामाबरोबर मनात टोचणी राहते, की ती तिकडे कैदेत आहे. अध्यायाची सगळी ताकद या आकड्यात आहे. आता तीन मॉडनी तीन नव्या मोहिमा आणल्या, प्रत्येकीत वाजवी बक्षीस. प्रत्येक लेखकाने आपली मोहीम नुसत्या मूळ खेळात बसवून तपासली, ती तिथे चोख होती. तिन्ही एकत्र आल्या की २०,००० मुद्रा दोन दिवसांत जमतात. खेळ अडकत नाही, कुणी चुकीचं वाक्य बोलत नाही. फक्त टोचणी नाहीशी होते.

शस्त्रांचंही तेच. हा खेळ वीस बाजूंच्या फाशावर चालतो, म्हणजे शस्त्राच्या प्रत्येक '+१'ने वार लागण्याची शक्यता पाच टक्क्यांनी वाढते. 'कार्सोमीर' ही '+५'ची तलवार, जादूचा निम्मा मारा परतवणारी. ती विंडस्पिअर टेकड्यांतल्या फिरक्राग या तांबड्या ड्रॅगनकडे असते आणि फक्त पॅलॅडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, ती पेलू शकतो. तिच्या तोडीचं शस्त्र एखाद्या मॉडने बाजारात विकायला ठेवलं, तर ड्रॅगन जागेवरच राहतो, त्याच्याशी लढायचं कारण तेवढं जातं. नव्या सोबत्याचा लेखक आपल्या पात्राला इतरांपेक्षा किंचित बरं काहीतरी देतोच. स्वतःच्या लेकराला शाळेत पाठवताना डब्यात एक लाडू जास्त घालावा, तसं. मूळ खेळात पुरवणी धरून सतरा सोबती आहेत आणि तुकडीत जागा फक्त सहा. प्रत्येक लाडक्या लेकरामागे जुन्यांपैकी एक घरी बसतो.

भाषेचा तोलही असाच जातो. मूळ खेळात सोबती अधूनमधून बोलतात आणि एखाद्या महत्त्वाच्या प्रसंगी एखाददुसरा मध्ये शब्द टाकतो. मॉड असेल तर त्याच्या पात्राला त्या प्रसंगी काहीतरी म्हणायचं असतंच. पाच सोबती पाच मॉडमधले असतील तर एका मृत्यूपाशी पाचही बोलतात, एकापाठोपाठ एक. प्रत्येक वाक्य चांगलं असतं, आणि त्या प्रसंगातली शांतता गेलेली असते.

तोल परत आणायचे दोन मार्ग निघाले. पहिला सोपा: खेळाडू बलवान झाला तर शत्रूला आणखी बलवान करा. वायमरनेच अनेकांच्या अवघड लढाया 'टॅक्टिक्स' या मॉडमध्ये एकत्र केल्या. पहिल्याच तळघरातल्या इलिचची टोळी त्यात अशी काही उठली, की पुष्कळांनी तिथेच हात टेकले. पण आकड्याला आकड्याने उत्तर दिलं की पुढचा मॉड त्याहून मोठा आकडा आणतो. दुसरा मार्ग 'सोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स' या मॉडने घेतला. त्याची भूमिका अशी, की शत्रूने खेळाडूच्याच नियमांत राहावं, फक्त डोकं वापरावं. जादूगाराने लढाईआधी स्वतःवर संरक्षक मंत्र घालावेत, पहारेकऱ्याने शेजारच्या दालनातल्यांना हाक मारावी. त्याचे घटक वेगवेगळे निवडता येतात आणि तो यादीत उशिरा बसवायचा असतो, कारण आधीच्या मॉडनी खेळात काय आणलं ते पाहून त्याला काम करायचं असतं. टेबलावरचा सूत्रधार हेच करत होता. आधी समोर काय वाढून ठेवलंय ते पाहायचा, मग ठरवायचा.

२०१२ आणि २०१३ मध्ये बीमडॉग या एडमंटनच्याच कंपनीने दोन्ही भागांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. तिचे प्रमुख ट्रेंट ऑस्टर हे बायोवेअरच्या सुरुवातीच्या माणसांपैकी. चित्रं नव्याने, अधिक ठळक करावीत असा बेत होता, पण मूळ कलासाहित्यच सापडलं नाही. कंपनीच्या कपाटातलं गेलं आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षं जपलेल्या दुरुस्त्या मात्र उरल्या. मॉड लिहिणारे काही जण या आवृत्त्यांच्या कामातही होते. पण प्रत्येक सरकारी दुरुस्तीनिशी जुने मॉड मोडू लागले आणि ज्यांचे लेखक केव्हाच संसाराला लागले होते, त्यांचे मॉड इतर कुणीतरी हाती घेऊन सांभाळले. वायडूही आज वायमरच्या हाती नाही. पुढे प्राध्यापक झाल्यावर तो आणि त्याचे सहकारी संगणकाच्या आज्ञावलीतल्या चुकांवर आपोआप दुरुस्त्या शोधण्याच्या संशोधनासाठी ओळखले गेले. त्या आपोआप दुरुस्तीलाही, भोवतालचं काम मोडलं नाही ना, हे तपासून घ्यावंच लागतं.

मला हा प्रश्न कामात भेटला तेव्हा मी एका बंगाली कादंबरीचं मराठी करत होते. वाचकाला अडू नये म्हणून कुठे नात्याचा उलगडा, कुठे एखाद्या मिठाईचं अर्ध्या ओळीत वर्णन, असं घालत गेले. एकही भर अवाजवी नव्हती. संपादकबाईंनी पहिलं प्रकरण मला मोठ्याने वाचायला लावलं. मूळ कादंबरीत घाईघाईने निघून जाणारा माणूस माझ्या मराठीत प्रत्येक दारापाशी थांबून माहिती देत होता. मी घातलेलं बहुतेक सगळं काढलं. काढताना एकेक जागा पाहिली तर ती ठेवावीशीच वाटत होती.

गेल्या वर्षी मी हा खेळ पुन्हा बसवला. मॉडची यादी कागदावर लिहिली, पंचवीस झाली. मग प्रत्येकासमोर लिहिलं, की हा आला तर मूळ खेळातलं काय मागे सरेल. शेवटी सात उरले: दुरुस्त्या, 'असेन्शन', शत्रूंना डोकं देणारा मॉड आणि चार किरकोळ. इमोएनच्या सुटकेसाठी मला पैसे पुरेनात, तेव्हा बरं वाटलं. तीन महिन्यांनी, हैदराबादला राहून गेलेला शेवट पाहिला. बाल्थझार माझ्या बाजूने लढला.

मी मैत्रिणीला कोचीला कळवलं. तिचा लगेच निरोप आला: ती योद्धी आता तरी स्वतःचंच बोलते ना? तिचा मॉड कुणीतरी वायडूत आणला आहे, तो चोख चालतो, पंचविसांच्या यादीत तो पहिला होता. मी तिला लिहिलं, की या वेळी तिला घेतलं नाही. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग तिने विचारलं, तिच्या जागी कोण होतं? मी लिहिलं, इमोएन.